नव्या पाईपाला तेल

चाळीस वर्षं मी सुलतानपुरात सांगत आलो, की आसामच्या चहामळ्यात गोऱ्या साहेबासोबत मी पाईप ओढायचो. नात अर्पितानं ते खरं मानलं अन् लंडनहून माझ्यासाठी ब्रायरच्या लाकडाचा नवाकोरा पाईप आणला. ओट्यावर दहा जण जमले.

"आजोबा, नवा पाईप आधी मुरवतात ना? कसा?"

मले काय ठाऊक! नवा तवा आपण तेल लावून तापवतो, तेच ठोकून दिलं. "आतून जवसाचं तेल चोपडायचं अन् काठोकाठ तंबाखू भरायची. साहेब असाच करे."

काडी लावली तसा भडका उडाला. अर्धी मिशी गेली, पाईपाला भेग पडली.

"काऊन हो, साहेबबी असाच जळे काय?" शेजारचा वामनराव खिदळला.

अर्पितानं पाईप ओंजळीत घेतला. "माझंच चुकलं, आजोबा. दुकानदार म्हणाला होता, थोडीच तंबाखू भरून हळूहळू ओढा. मला वाटलं, तुम्हाला जास्त माहीत. पाईपच खराब निघाला असेल."

थापा मारताना मले कधी लाज वाटली नव्हती. आता मान वर होईना.

"पोरी, मी जन्मात पाईप ओढला नाही."

वामनरावाचं हसू एकदम थांबलं. त्याच्या हसण्यापेक्षा ते मले जास्त लागलं.