एकादशीच्या दिवशी लझानिया

मी ठरवलं होतं, अन् कोणाले सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर घरातच अडवली असती मले. माझा वाढदिवस तारखेनं येते, एकादशी तिथीनं येते, अन् यंदा दोन्ही एकाच दिवशी आले. साहिलनं हॉटेलात टेबल सांगून ठेवताना कॅलेंडर पाहिलंच नव्हतं. मी पाहिलं होतं. गप्प बसली. म्हटलं, आज हॉटेलात जायचं अन् सगळ्यांसमोर जेवायचं. कांदा-लसणासकट, पोटभर, गरमगरम.

साहिल माझा एकुलता एक. लहान होता तेव्हा त्याले एकदा असा ताप आला, की चार दिवस डोळे उघडले नाहीत. माझ्या सासूबाईंनी देवापुढं हात जोडले अन् बोलून मोकळ्या झाल्या, की पोट्टा उठून बसला तर त्याची माय जन्मभर एकादशी करेल. नवस बोलल्या त्या, पोट माझं. मले कोणी विचारलंही नाही. पोट्टा उठून बसला. डॉक्टरनं तीनदा औषध बदललं होतं, त्याचं नाव कोणी काढलं नाही. तेव्हापासून साहिलची दहावी, इंजिनियरिंग, नोकरी, फ्लॅटचं लोन, सगळं माझ्या एकादशीनं झालं. हे मी नाही म्हणत, तोच म्हणते. चारचौघांत म्हणते, कौतुकानं म्हणते. मलेही बरं वाटायचं आधी, खोटं काहून बोलू?

मग मागची एकादशी आली. पडद्याचं कापड घ्यायले मी सदरच्या बाजारात गेली होती. ऊन मरणाचं. पोटात सकाळचा चहा अन् दाण्याचा एक लाडू. दुकानातून उतरता उतरता डोळ्यांपुढं अंधारी आली अन् मी पायरीवरच बसली. दुकानदार भला माणूस. पाणी दिलं, बिस्किटाचा पुडा फोडून हातात दोन बिस्किटं दिली, माझ्या फोनवरून साहिलले फोन लावला. तुमच्या आईले चक्कर आली, पाणी-बिस्किट दिलं आहे, घ्यायले या, असं सांगितलं अन् फोन माझ्या हातात दिला. पोरगा पहिलं काय विचारते?

“आई, बिस्किट खाल्लं तर नाही ना?”

नव्हतं खाल्लं. हातातच होतं. मी ते मुकाट्यानं त्या माणसाले परत दिलं. साहिल आला, गाडीत बसवलं, एसी लावला, नारळपाणी पाजलं. सगळं नीट केलं त्यानं. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाऊनच नाही राहिलं. आई पायरीवर पडली आहे अन् याले बिस्किटाची पडली आहे. तेव्हाच ठरवलं, की बास झालं.

तर हॉटेल. आमच्या प्रताप नगरातच, घरापासून दोन गल्ल्या सोडून, विश्वनाथचं इटालियन हॉटेल आहे. हा विश्वनाथ कितीतरी वर्षं जहाजावर स्वयंपाकी होता. परत आला अन् बापाच्या घराच्या खालच्या मजल्यावर हॉटेल टाकलं. माणूस असा गोड, की विचारू नका. दारात स्वतः उभा राहते. कोणाच्या आजीले दात नाहीत तर पास्ता मऊ शिजवून देते, कोणाच्या लेकराले तिखट लागत नाही तर वेगळं करून आणते. कोणाले काय चालते अन् काय चालत नाही, सगळं त्याच्या डोक्यात पक्कं. पूर्ण मोहल्ला त्याचं नाव काढते. असा हा देवमाणूस त्या संध्याकाळी माझ्याच मुळावर आला.

आम्ही चौघं गेलो. साहिल, सून श्वेता, आमचे हे, मनोहरराव, अन् मी. मी नवी साडी नेसली होती. आज एकादशी आहे हे घरी कोणाले कळू नये म्हणून दुपारी डोकं दुखते म्हणून पडून राहिली होती अन् काहीच खाल्लं नव्हतं, म्हणजे भूक अशी कडकडून लागली होती. आतून लसूण भाजल्याचा वास येऊन राहिला होता. मले लझानिया पाहिजे होता. मागं एकदा श्वेताच्या प्लेटमधला एक कोपरा चाखला होता, थरावर थर, मध्ये टोमॅटोचा रस, वर चीज करपलेलं. तेव्हापासून डोक्यात होता.

विश्वनाथनं दारातच हात जोडले, वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, गुलाबाचं फूल दिलं. अन् मग आवाज खाली आणून, मोठ्या विश्वासानं म्हणाला, “काकू, आज एकादशी आहे, माझ्या लक्षात आहे. तुमच्यासाठी वेगळं केलं आहे. वेगळी कढई, वेगळा झारा. काही काळजी करू नका.”

माझ्या तोंडाची चवच गेली.

साहिलनं कपाळावर हात मारला. अरे, एकादशी आहे होय आज, माझ्या ध्यानातच नाही राहिलं, आई तू तरी बोलायचं ना, असं सगळं त्याचं सुरू झालं. मग विश्वनाथचे आभार. मनोहररावांनी तर त्याची पाठ थोपटली, म्हणाले आजकालच्या पोरांमध्ये एवढं कोण पाहते. मी म्हटलं, मले वेगळं काही नको, मी लझानिया खाईन. विश्वनाथ हसला. त्याले वाटलं काकू थट्टा करून राहिल्या. मनोहररावही हसले. मी दुसऱ्यांदा म्हटलं, थोडं जोरात. तर साहिल मले खुर्चीवर बसवत म्हणते, हो हो आई, उद्या पार्सल आणून देतो, बारस सोडली की खा.

लहान लेकराले समजावतात तसा आवाज. माझं डोकं भणकलं. एक बाई साधं एक वाक्य बोलून राहिली आहे, की मी अमुक खाईन. यात न समजण्यासारखं काय आहे, सांगा? हिंदीत सांगू? मराठीतच सांगितलं होतं मी.

गार्लिक ब्रेड आला. माझ्यापुढून त्या बाजूले सरकवला, माझ्या पदराले लागू नये म्हणून. पिझ्झा आला, तोही त्या बाजूले. मनोहररावांले पिझ्झा आवडत नाही असं ते जन्मभर सांगतात, अन् दोन तुकडे संपवून तिसऱ्याकडे पाहून राहिले होते. श्वेता तेवढी नीट खाऊन नाही राहिली. माझ्याकडे पाहायची अन् मान खाली घालायची.

मग विश्वनाथ स्वतः माझी प्लेट घेऊन आला. शिंगाड्याच्या पिठाचा पास्ता, त्यावर दाण्याचा पांढरा रस, काजू, बाजूले साबुदाण्याची उसळ अन् उसळीवर काकडीचं फूल. एवढी मेहनत घेतली होती त्या माणसानं, की त्याच्यावर रागावताही येईना. पैसे घेणार नाही म्हणाला, हे माझ्याकडून. बाजूच्या टेबलवरच्या बाया वळून पाहू लागल्या. साहिलनं फोटो काढला. मनोहरराव म्हणाले, पाहून घे शामला, काय थाट आहे तुझा. अन् मी त्या उसळीकडे पाहत बसली. माझ्या जन्मात मी जेवढी साबुदाण्याची उसळ खाल्ली आहे, तेवढा साबुदाणा किराणा दुकानात मावणार नाही. मले रडू येऊन राहिलं होतं, अन् रडू येते याचा अजून राग येऊन राहिला होता.

विश्वनाथ म्हणाला, चाखून पाहा ना काकू. मी प्लेट बाजूले सरकवली.

“मी एकादशी सोडली आहे,” मी म्हटलं. “आजपासून. मी थट्टा करून नाही राहिली.”

आता मात्र सगळ्यांले ऐकू आलं. मनोहररावांचा हात तिसऱ्या तुकड्यावर थांबला. साहिलनं फोन खाली ठेवला. त्याचा चेहरा असा उतरला, की मले क्षणभर तो तापातला पोट्टाच दिसला. दुसऱ्या दिवशी त्याचा इंटरव्ह्यू होता, मोठ्या पोस्टचा. दोन महिन्यांपासून त्याची तयारी चालू होती. तो एकदम हळू आवाजात बोलू लागला. आई, सोड, नको करू, तुझी मर्जी, पण फक्त आजची कर. उद्याचं तेवढं होऊ दे. एवढी वर्षं केली, एका दिवसानं काय होते.

मी त्याले सदरची पायरी सांगितली. बिस्किट सांगितलं. त्याले आठवतही नव्हतं. म्हणाला, मी तसं सहज विचारलं असेल, आई, तू काय मनात धरून बसली. मनोहरराव मध्ये पडले. घरचा नवस आहे, कोणाच्या मर्जीनं घेतला नाही अन् कोणाच्या मर्जीनं सुटणार नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी स्वतः एक एकादशी केली नाही आजवर. मी तसं बोलून दाखवलं तर म्हणतात, माझं काम फिरतीचं होतं. रिटायर होऊन सात वर्षं झाली, अजून फिरतीच सुरू आहे यांची.

मग त्यांनी असं काही केलं, की मी खरंच थंड पडली. त्यांनी मान वळवली अन् श्वेताकडे पाहिलं. साहिलनंही पाहिलं. दोघांनी एकमेकांशी एक शब्द न बोलता.

“श्वेता धरेल मग,” मनोहरराव म्हणाले. “घरातल्या बाईनं करायचं असते. सासूचं सुनेकडे येते.”

श्वेता सकाळी सातले डबा घेऊन घर सोडते, बँकेत दिवसभर ऊठबस, संध्याकाळी येते तेव्हा तिचे पाय सुजलेले असतात. ती काय म्हणाली माहीत आहे? हातातला काटा खाली ठेवला अन् म्हणाली, मी करीन आई, मले काही नाही. एवढ्या पटकन म्हणाली, की जसं तिले आधीपासूनच माहीत होतं, हे एक दिवस आपल्याकडे येणार म्हणून. मी नाही का अशीच पटकन मान हलवली होती सासूबाईंपुढं.

खरं सांगते, त्या वेळी मी मोडली. उसळीची प्लेट परत ओढून घ्यायले मी हात उचलला. म्हटलं, जाऊ दे बापा, एवढी वर्षं गेली, राहिलेलीही जातील, या पोरीच्या मागं नको हे लागायले. चमचाही हातात घेतला. साहिलनं ते पाहिलं अन् त्यानं सुस्कारा सोडला. सुटला बिचारा. अन् पुढच्या क्षणी त्यानं पिझ्झाचा तुकडा उचलला अन् चावा घेतला.

तो चावा नसता घेतला, तर मी खाल्ली असती उसळ. देवाशपथ खाल्ली असती.

मी चमचा खाली ठेवला. प्लेट उचलली अन् टेबलावरून पलीकडे, साहिलच्या पुढ्यात नेऊन ठेवली. विश्वनाथ अजून तिथंच उभा होता, त्यानं हात पुढं केला अन् मागं घेतला.

“श्वेता करणार नाही,” मी म्हटलं. “मी करणार नाही. नवस तुझ्यासाठी आहे ना गा? मग पुढच्या एकादशीपासून तू कर.”

मी ते चिडून नव्हतं म्हटलं. शपथेवर सांगते, त्या वेळी राग कुठं गेला कोणास ठाऊक. मी खरंच विचारून राहिली होती. त्याची श्रद्धा आहे, त्याचा इंटरव्ह्यू आहे, त्याचं पोट आहे. करू शकते तो. मले वाटलं, कदाचित हो म्हणेल. आई म्हणून अजूनही वाटलं.

साहिलनं प्लेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तोंडातला घास गिळला. त्याच्या आवाजात काही खोट नव्हती, चीडही नव्हती. अगदी लहानपणी सांगायचा तसंच सांगितलं त्यानं.

“मले उपाशी राहवत नाही, आई. तुले माहीत आहे ना.”

“मलेही नव्हतं राहवत,” मी म्हटलं.

 अन् मले त्याच्या तोंडाकडे पाहून कळलं, की या पोराले हे खरंच माहीत नव्हतं. त्याले वाटत होतं, आईले भूक लागत नाही.

मी विश्वनाथले म्हटलं, लझानिया आण. तो आत गेला.