पाच ढीग आणि बन्नो

पहिला ढीग

"चाचा, हात घालून काय पाहून राह्यले? सोनं नाही लपवलं मी त्यात."

गुलाम नबी कोपरापर्यंत कापसात होता. "मांजर हाये, बाई."

"कुठं?"

"तेच तं पाहून राह्यलो."

सोजरबाई जऊळक्याहून आली होती, नातीच्या, रूपालीच्या, लग्नाच्या गाद्या भरून घ्यायला. घरच्याच शेतातला, सरकी काढलेला कापूस. वाशीमच्या या दुकानात गिऱ्हाईक आपला कापूस डोळ्यांदेखत पिंजून घेतं. नजर हटली की कापूस बदलला, असंच सगळे धरून चालतात. म्हणून ती स्टूल ओढून पाचही ढिगांवर नजर ठेवून बसली होती.

दुसरा ढीग

बन्नो सतरा वर्षांची. याच दुकानात जन्मली, रंगाने कापसासारखीच. पिंजण्याची मशीन घरघरली की ढिगातून उडी मारून पोत्यांवर जायची. त्यामुळे गुलाम नबीला ढिगात कधी पाहावं लागलं नाही.

गेल्या वर्षी तिला ऐकू येईनासं झालं. मग डोळे पांढरे पडले. गुरांच्या दवाखान्यात एक बैल आणि एक शेळी यांच्या मध्ये तिचा नंबर लागला. डॉक्टर म्हणाले, किडनी थकली आहे. उबेत ठेवा, ओलं खायला द्या, पाणी पाजत राहा. गुलाम नबीची बायको बिस्मिल्ला उकडलेली कोंबडी कुस्करून बोटावर चाटवायची. पण घरी ठेवलं की बन्नो तोंडच उघडायची नाही. ऊब म्हणजे कापूस, एवढंच तिला माहीत.

मुलाने, शादाबने, तिच्या गळ्यात घुंगरू बांधलं. झोपलेल्या मांजराचं घुंगरू वाजत नाही, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

तिसरा ढीग

कालची गोष्ट. मशीन चालू. गुलाम नबीने ढीग चाचपला, कवेत मावेल तेवढा कापूस उचलला आणि मशीनकडे वळला. दारात बिस्मिल्ला डबा घेऊन उभी.

"अजी, हातात काय हाये?"

"कापूस."

"कापसाले शेपूट कधीपासून फुटलं?"

शादाबने झटकन बटण बंद केलं. बन्नो त्याच्या बापाच्या हातांत झोपलेलीच होती. वजन म्हणून तिचं काही उरलंच नव्हतं, आणि गुलाम नबीची बोटं साखरेच्या आजाराने कधीची बधिर झाली होती. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

जेवताना बिस्मिल्लाने त्याचं बोट धरलं. "चिमटा लागला?"

"लागला ना."

तिने चिमटा घेतलाच नव्हता.

शादाब ताटावरून उठला. "अब्बा, उद्याचा एक दिवस. परवापासून मशीनवर मी. तुमी अन् बन्नो, दोघं घरी बसा."

चौथा ढीग

"मले बारा वाजताची गाडी हाये, चाचा," सोजरबाई म्हणाली.

गुलाम नबीने ढिगातून हात काढला. त्या हाताकडे एकदा पाहिलं. मग टोपी खिशात घातली, गुडघे टेकले आणि ढिगावर गाल ठेवला.

"आता झोपता काय इथंच?"

त्याने गाल आणखी दाबला. कापूस गारच लागला.

"नाही यात."

पाचवा ढीग

गाल ठेवला तशी ऊब लागली. अगदी थोडी, चहा पिऊन ठेवलेल्या कपाएवढी.

"इथं हाये."

त्याने बन्नोला बाहेर काढलं. तिच्याखालचा कापूस पिवळा, ओला. लग्नाचा कापूस! गुलाम नबीचं तोंड उतरलं. "माफ करजा, बाई. भरून देतो मी. माह्या पोत्यातला, चांगल्यातला."

सोजरबाई उठली. ओल्या कापसात तिने बोट घालून पाहिलं, नाक मुरडलं नाही.

"आमच्या घरी मालक हायेत नं पडून. दोन वर्सं झाले. मी रोज सकाळी त्याईची गादी उन्हात टाकतो." तिने ओला भाग वेगळा केला आणि पायरीवर उन्हात पसरला. "हा राहू द्या तिच्या अंगाखाली. गादीत मूठभर कमी पडला तं रूपालीले काही टोचत नाही."

मग ती मशीनपाशी उभ्या शादाबकडे वळली. "अन् काय रे, असा गाल लावून कोण पाह्यते आजकाल? यायलेच पाहू देत जाय. मंग लाव तुही मशीन."

शादाबचा हात बटणावर होता. तो काढून त्याने विचारलं, "अब्बा, पाह्यलं?"

"पाह्यलं. लाव."

सहावा ढीग

उन्हाळा लागला, त्याआधीच बन्नो गेली. बटणाशेजारच्या खिळ्याला आता तिचं घुंगरू टांगलेलं असतं. मशीनवर शादाब बसतो. मानोऱ्याच्या गिऱ्हाइकाचा कापूस नुकताच उतरला आहे.

"अब्बा, पाह्यलं?"

गुलाम नबी टोपी खिशात घालतो, गुडघे टेकतो, ढिगावर गाल ठेवतो. मानोऱ्याचा माणूस चकित होऊन शादाबकडे पाहतो. शादाब त्याला हातानेच थांब म्हणतो.

"गार हाये," गुलाम नबी म्हणतो. "लाव."