माझे हात बांधणारी पेशी

मी एक विकर बोलतोय. शाळेच्या पुस्तकात ज्याला एन्झाइम म्हणतात, तेच. माझं पूर्ण नाव घेताना शिकलेल्यांचीही बोबडी वळते, म्हणून ते राहू द्या.

एका स्नायूपेशीत माझा जन्म झाला. प्रथिनांच्या अंगावर टायरोसिन नावाच्या जागी फॉस्फेटची खूण लागते. ती काढून टाकायची, एवढंच माझं काम. इन्सुलिन पेशीच्या दाराशी आलं की तिथल्या प्रथिनाला अशा खुणा लागतात आणि ‘साखर आत घ्या’ हा निरोप आत धावतो. मी खूण काढली की निरोप थांबतो. आता मी पडलो भलताच कामसू. मोकळा सोडला, तर निरोप दारातच संपवीन आणि पेशीला साखर मिळायची नाही.

पण माझी पेशी काय हुशार म्हणून सांगू! इन्सुलिन आलं की ती तिथेच चिमूटभर हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते. ते माझ्या गंधकाच्या अणूला लागलं की माझा कामाचा हात आखडतो. निरोप पोचला की दुसरी प्रथिनं येऊन तो हात सोडवतात. ना आरडाओरडा, ना हकालपट्टी. लग्नघरात लुडबुडणाऱ्या मामाला इतक्या प्रेमानं कुणी आवरून दाखवावं!

एके दिवशी संशोधक ताईंनी पेशी फोडून मला नळीत घेतलं. त्यांच्या तीन वर्षांच्या कामातला हा शेवटचा नमुना. त्यांनी नळीत फॉस्फेटची खूण असलेलं एक रसायन टाकलं; मी ती खूण काढली, तर पाणी पिवळं व्हायला हवं होतं. झालं नाही.

“मेलं हेही,” ताई रडवेल्या आवाजात म्हणाल्या आणि नळी कचऱ्याच्या डब्यावर धरली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. अहो, मी जिवंत होतो! हवेतल्या ऑक्सिजननं हात आखडला होता आणि सोडवणारं इथे कुणी नव्हतं.

तेवढ्यात त्यांच्या मार्गदर्शक मॅडम आल्या. “थांब. डीटीटी घातलंस का?”

ताईंनी मान खाली घातली. “कुजक्या अंड्यांसारखा वास येतो ना मॅडम. शेजारच्या टेबलावरचे सारखे कुरकुरतात, म्हणून वगळलं.”

“अगं, त्यांनी नाक धरावं! त्यानंच तर याचं गंधक मोकळं होतं. घाल, ताजं घाल. फार ऑक्सिजन चिकटला असेल, तर मात्र काही खरं नाही.”

वास आला. माझा हात सुटला. माझ्या शेजारचे कितीतरी उठलेच नाहीत. पण आम्ही उरलेले जिवाच्या आकांतानं राबलो. पाणी पिवळं झालं. फिकट, पण पिवळं. ताई टाळ्या वाजवत हसल्या आणि हसता हसताच थबकल्या.

“मॅडम, मग मंगळवारी मी टाकून दिलेल्या दोन नळ्या...”

मॅडमनी माझी नळी उचलून बर्फात ठेवली.

आता मी बर्फात आहे, उद्याच्या तपासणीची वाट बघत. ताई, तुमच्यावर माझा राग नाही. पण त्या नळ्यांमध्ये माझी भावंडं होती, आणि तीही नुसती गप्प होती.