स्टेफाच्या मानेचा पट्टा

मी स्टेफाच्या मानेचा पट्टा. आत स्पंज, वर सुती कापड, मागे चिकटपट्टी, बस. मिरवावं असं माझ्यात काही नाही. पण माणसं मला गळ्यात बांधतात आणि लगेच धरून चालतात की झालं, मानेचा बंदोबस्त झाला! या एका गैरसमजापायी स्टेफाचं काय होता होता राहिलं, ते सांगतो.

कॅनडातल्या सस्काचेवान प्रांतातल्या आमच्या गावी औषधाच्या दुकानात मी टांगलेला होतो. स्टेफाच्या नवऱ्याने, ओरेस्टने, कोणालाही न विचारता मला उचललं. "घे, बांध हा. तासन्‌तास मान खाली घालून बटाट्याच्या पिरोही भरत बसतेस, दुखणार नाही तर काय होणार!" स्टेफाने मला बांधलं आणि वरून फुलाफुलांचा रुमाल गुंडाळला. चर्चच्या बायकांना दिसायला नको ना!

स्टेफाला आमवात जुना. मोठा विचित्र आजार हा. शरीराची राखण करणारी फौजच उलटते आणि आपल्याच सांध्यांवर तुटून पडते. तिची बोटं केव्हाच वाकडी झाली होती, पण अलीकडे दुखत नव्हती. म्हणून बाईने इंजेक्शनं सोडून दिली. दुखत नाही म्हणजे आजार गेला, असं तिचं म्हणणं. गेला कुठला! तो मानेत जाऊन बसला होता.

मानेच्या अगदी वरच्या दोन मणक्यांना बांधून ठेवणारे बंध त्याने कुरतडले होते. मान खाली गेली की वरचा मणका पुढे सरकायचा आणि आतला मज्जारज्जू दाबला जायचा. स्टेफाच्या पाठीतून शॉक बसल्यासारखी सणक निघायची. मला ती कळायची, पण मी पडलो स्पंज. थोडी ऊब देईन, मान जपायची आठवण करून देईन. सरकणारं हाड मी काय डोंबल अडवणार?

नाताळच्या आधी चर्चच्या तळघरात पिरोहींचं काम निघालं. पातळ लाटलेली पारी, आत बटाट्याचं सारण, कडा चिमटीने मिटवायच्या आणि करंजीसारख्या त्या पिरोही उकळत्या पाण्यात सोडायच्या. आमच्याकडे बाईची पारख तिच्या चिमटीवरून होते. चिमटी सैल पडली की तिला बटाटे सोलायला बसवतात, आणि तिथून टेबलाशी परत आलेली बाई मी तरी ऐकलेली नाही.

उकळत्या पातेल्याशी मारुस्या उभी होती. ती ओरडली, "अगं बायांनो, पाण्यात सगळा बटाटाच बटाटा! कोणाच्या फुटतायत गं?"

सगळ्यांनी स्टेफाच्या ट्रेकडे पाहिलं.

"स्टेफा, जरा बसतेस का?" मारुस्या म्हणाली. "बटाटे सोलायला माणूस कमी आहे."

"मग तुझ्या सासूला बोलाव," स्टेफा म्हणाली. बायका खो खो हसल्या. स्टेफाने मात्र पुढच्या पिरोहीची कड दोन-दोनदा चिमटली. फार वाईट वाटलं हो मला! दोष बोटांचा नव्हताच. मानेत दाबलेल्या मज्जारज्जूमुळे हातातली ताकद चालली होती. घरी जाताना पायरीवर तिचा पाय लटपटला, तोही तिने थकव्यावर ढकलला.

"आता फ्रीसेनकडे चल," ओरेस्टने ठरवून टाकलं. हा फ्रीसेन म्हणजे आमच्या गावचा कायरोप्रॅक्टर, हाताने मणके बसवणारा. पाठ धरली की फ्रीसेन, मान धरली की फ्रीसेन. मान कडकन फिरवून एक कडाका काढतो, माणूस हसत ट्रॅक्टरवर जाऊन बसतो.

फ्रीसेनने मला सोडवून खुर्चीवर ठेवलं. स्टेफाच्या हनुवटीखाली हात नेता नेता त्याने सहज विचारलं, "आमवात वगैरे नाही ना?"

"आहे, पण तो हातांचा. मानेचा नाही."

त्याचे हात थांबले. त्याने तिची वाकडी बोटं नीट पाहिली. "बाई, ब्लाउजची बटणं लावता येतात?"

ओरेस्टच म्हणाला, "हल्ली मीच लावतो."

"आणि चालताना तोल जातो?"

"जातो कधीमधी," स्टेफा म्हणाली.

फ्रीसेन दोन पावलं मागे सरकला. "या मानेला मी हात लावणार नाही. दुसऱ्या कोणाला लावूही देऊ नका. आजच्या आज शहरातलं मोठं हॉस्पिटल गाठा."

"अरे, एक कडाकाच तर काढायचाय!"

"त्या एका कडाक्यात बायको जन्मभर अंथरुणाला खिळेल, ओरेस्ट. कदाचित जीवही जाईल."

ओरेस्टचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने मला उचलून पुन्हा तिच्या गळ्यात बांधलं.

शहरात डॉक्टरांनी मानेचे एक्सरे काढले. मान सरळ असतानाचा अगदी शहाण्यासारखा दिसत होता. त्यांच्या नजरेखाली तिने मान जराशी पुढे झुकवली, त्या एक्सरेत सरकलेला मणका लगेच दिसला. मग ऑपरेशन झालं, दोन मणके स्क्रूने जोडून टाकले, आणि आमवाताची औषधं नव्याने सुरू झाली. गेलेली ताकद सगळी येईलच असं नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. चिमटी थोडी सुधारली, पूर्वीची नाही आली. पाय मात्र आता घट्ट पडतात.

मी सध्या स्वयंपाकघरात खुंटीला असतो. माझं एवढं ऐका: आमवात असेल आणि मानेतून सणक निघत असेल, हात ऐकेनासे झाले असतील, तर मला बांधून गप्प बसू नका. डॉक्टरकडे जा.

स्टेफाची मान आता फारशी वळत नाही. तिच्या पाठीशी उभं राहून बोललं, तर तिला अख्खं अंग फिरवावं लागतं. म्हणून ओरेस्ट काहीही सांगायचं झालं की टेबलाला वळसा घालून तिच्यासमोर येतो. काल ती हसली. "एवढा संसार झाला, आता कुठे हा माणूस माझ्या तोंडाकडे बघून बोलायला लागलाय!"

ओरेस्ट हसला नाही. "फ्रीसेनने त्या दिवशी हात आवरला नसता, तर मी मागूनच बोलत राहिलो असतो गं," तो म्हणाला, "आणि वळून बघायला तू उरली नसतीस."