श्रीरंग हरेनासा झाला

भिंगे सरांच्या इंग्रजीच्या क्लासमध्ये मंदाकिनीने एक वाक्य म्हटलं आणि त्या दुपारपासून तिचा नवरा हरेनासा झाला. शब्द होता 'इन्व्हिन्सिबल'. म्हणजे ज्याला कुणीच हरवू शकत नाही असा. सर म्हणाले, घरातलं उदाहरण द्या. तिने दिलं, "माय हजबंड इज इन्व्हिन्सिबल."

संध्याकाळी श्रीरंग म्हणाला, आज मंगळवार. ती म्हणाली, गुरुवार. पेपर उघडला तर मंगळवार. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, या भिंतीला खिडकी नव्हतीच कधी.

"मी रोज तिथे कपडे वाळत घालते," ती म्हणाली.

तिचं बोलणं संपायच्या आत खिडकी बुजली. ओला टॉवेल भिंतीत अर्धा अडकून राहिला.

मग तिने भाऊबीजेला माहेरी जायचं काढलं. श्रीरंग जेवता जेवता म्हणाला, "कसली भाऊबीज? तुला भाऊच नाही."

"शशिकांत सख्खा भाऊ आहे माझा."

"नाही."

तिने माहेरी फोन लावला. "शशिकांत कोण गं?" आईने विचारलं. "मला तू एकटीच."

मंदाकिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तशीच क्लासला गेली.

"सर, माझं वाक्य खोडा."

"कशाला? अचूक आहे."

"मग दुसरं करते. आय ॲम इन्व्हिन्सिबल."

सर गोरेमोरे झाले. "स्वतःबद्दल असं बोलू नये, बाई."

"चूक काढा त्यात."

सरांना चूक सापडेना.

"मला भाऊ आहे," ती घराच्या उंबऱ्यातूनच म्हणाली.

"नाही," श्रीरंग म्हणाला. या वेळी फोन वाजला, मध्येच थांबला, पुन्हा वाजू लागला.

श्रीरंगने टेबलावर कोपर टेकवलं. तिने त्याच्या पंजात पंजा अडकवला. इतक्या दिवसांचा संताप तिने मनगटात आणला. हात उभेच राहिले. टेबलाचे पाय फरशीत रुतले, मग फरशीच खचू लागली आणि सगळी खोली त्या दोघांना घेऊन जमिनीत उतरत गेली.

"शशिकांत," ती दातओठ खात म्हणाली.

"नाही."

दार आता छताजवळ गेलं होतं. तिने मान वर केली. उंबऱ्यावर एका पुरुषाचे दोन पाय येऊन उभे राहिले होते. कमरेच्या वर अजून कुणी नव्हतं.