‘खरेदी करा’ म्हणणारं बटण

वस्तादांचा उजवा हात आजारपणानंतर त्यांच्या मांडीवर परक्याच्या सामानासारखा पडून असायचा. ज्या हातानं हयातभर लोकांच्या गळ्यावरून वस्तरा फिरवला आणि कुणाला साधा ओरखडा येऊ दिला नाही, त्या हाताला आता चहाचा कप झेपत नव्हता. अर्धांगवायूचा झटका त्यांना दुकानातच आला, एका गिऱ्हाइकाची दाढी अर्धी झालेली असताना. "बिचारा तसाच पळाला डॉक्टर आणायला, एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर फेस," हे ते स्वतःच रंगवून सांगत. पण व्यायामाचं नाव काढलं की तोंड एवढंसं होई.

त्यांच्यावर उपचार करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंना सगळे पेशंट ताईच म्हणत. एका इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांचं त्यांचं केंद्र होतं: एका खोलीत पलंग आणि भिंतीला अडकवलेल्या कप्प्या, दुसरीत आरसा, रबरी चेंडू आणि पाय ओढत चालणाऱ्यांसाठी लाकडी कठडा. वस्ताद चेंडूला हात लावायला तयार नव्हते.

"ताई, चेंडू दाबायला मी काय तान्हं बाळ आहे?"

ताईंनी सगळे उपाय करून पाहिले. शेवटी एके दिवशी त्या घरचं व्हिडिओ गेमचं यंत्र पिशवीत घालून घेऊन आल्या. यंत्र तसं लेकीचं, खातं ताईंच्या नावावर. त्यावर होडी वल्हवायचा एक नवा खेळ त्यांनी मुद्दाम विकत घेतला. दोन्ही हातांत दोन दांडे धरायचे आणि वल्ही मारल्यासारखे हलवायचे, की पडद्यावरची होडी नदीतून पुढे सरकायची. एकाच हातानं ओढलं तर होडी जागच्या जागी गरगरायची.

वस्तादांची होडी गरगरली. पुन्हा गरगरली. मागून एक कार्टूनचं बदक पुढे निघून गेलं, तेव्हा मात्र त्यांचं डोकं फिरलं. "अगं बये, सरळ चल की!" ते ओरडले, आणि पट्टीनं दांड्याला बांधलेला त्यांचा उजवा हात, कुणी न सांगता, मांडीवरून वर उठला.

सोबत आलेल्या त्यांच्या बायकोनं तोंडावर पदर धरला. वस्तादांना मात्र पत्ताच नव्हता, ते बदकाला शिव्या घालण्यात गुंग होते.

पुढच्या महिनाभरात तो हात खांद्यापर्यंत यायला लागला. वस्तादांच्या परवानगीनं ताईंनी एक व्हिडिओ काढला आणि इंटरनेटवर टाकला. खाली खेळाचं नाव घालून लिहिलं, ‘हा खेळ बनवणाऱ्यांचे आभार. तुम्ही काय केलंय हे तुम्हाला कदाचित माहीतही नसेल.’ लोकांनी तो डोक्यावर घेतला. खुद्द कंपनीनंसुद्धा त्याखाली लाल बदाम दिला. तो बदाम ताईंनी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवला.

आठवड्याभरातच एका सकाळी यंत्र सुरू केलं, तर नदीच्या जागी राखाडी पडदा आणि त्यावर दोन ओळी. घरगुती वापराच्या अटीचा भंग झाल्यामुळे खातं कायमचं बंद करण्यात येत आहे.

"बिघडलं का?" वस्ताद दांडे धरून तयार बसले होते.

ताईंनी यंत्र बंद करून पुन्हा लावलं; पडदा तोच. तेवढ्यात मोबाइल वाजला. लेक होती.

"आई, मी मैत्रिणीच्या यंत्रावर आपलं खातं उघडायला गेले, तर माझे सगळे खेळ गेलेत! लहानपणापासूनचे, सगळे! तू काय केलंस?"

ताईंनी कंपनीला फोन लावला. पलीकडचा आवाज मधाळ होता.

"मॅडम, हा खेळ आपण दवाखान्यात वापरलात. आपल्याला परवाना होता तो फक्त घरी वापरायचा."

"पण मी तो विकत घेतलाय."

"विकत नाही, मॅडम. वापरायची परवानगी घेतलीत."

"अहो, बटणावर ‘खरेदी करा’ असं लिहिलं होतं!"

"ते बटणाचं नाव आहे, मॅडम."

ताईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "बरं, मग दवाखान्याचा परवाना द्या. रीतसर घेते."

"तसा परवाना आम्ही काढलेलाच नाही."

"आणि लेकीच्या खेळांनी काय घोडं मारलंय?"

"खातं एकच आहे ना."

"तुम्हाला कळलं तरी कसं?"

"आपणच व्हिडिओ टाकलात ना, मॅडम. फार छान होता."

ताईंनी फोन ठेवला. चोरानं कुलूप फोडलं असतं तर एक वेळ समजलं असतं. इथे दुकानदारच हसत हसत घरात शिरून विकलेली वस्तू उचलून घेऊन गेला होता, आणि वर विचारत होता, तुमची होतीच कधी?

ताईंनी ग्राहक आयोगाकडे तक्रार केली. सुनावणी जवळ आली तसा कंपनीचा निरोप आला: सद्भावना म्हणून खातं उघडून देतो. व्हिडिओ काढून टाका आणि याविषयी कुठे बोलणार नाही असं लिहून द्या. लेक म्हणाली, "दे ना आई, मिटव." ताईंचं मनही डळमळलं. त्यांनी वस्तादांना विचारलं.

वस्ताद म्हणाले, "ताई, उद्या मी गिऱ्हाइकाला सांगितलं, की पैसे दिलेस तरी कटिंग माझीच, कापलेले केस परत चिकटवतो, तर लोक मला खुर्चीसकट रस्त्यावर आणतील. माझा हात मेला तरी चालेल, पण तुम्ही तोंड बंद ठेवू नका."

"हात कशाला मरतोय!" त्यांची बायको कडाडली. "व्यायामही आणि तक्रारही, दोन्ही करा."

सुनावणीत कंपनीच्या वकिलानं करार मोठ्यानं वाचला. करार कसला, शेवटच नव्हता त्याला. ‘ग्राहकाने स्वतःच्या घरी, कुटुंबीय व पाहुण्यांसह’ इथे तो आला, तेव्हा ताईंनी मान वर केली.

आयोगाच्या अध्यक्षबाईंनी एवढंच विचारलं, "हे सगळं बटण दाबायच्या आधी दिसतं का?"

"दुवा दिलेला असतो," वकील म्हणाला.

"दिसतं का?"

वकिलानं पाण्याचा ग्लास उचलला.

निकाल अर्धामुर्धा लागला. दवाखान्यातला वापर हा अटीचा भंगच, असं आयोगानं म्हटलं आणि ताईंना ते मान खाली घालून ऐकावं लागलं. पण एका खेळापायी सगळं खातं बंद करणं अन्यायाचं; आणि मालकी द्यायचीच नसेल तर तसं बटणापाशीच ठळक लिहा, असंही बजावलं. खातं उघडलं. लेकीचे खेळ परत आले. केंद्रात मात्र होडी आणायची नाही.

म्हणून मग वस्ताद रविवारी ताईंच्या घरी जाऊ लागले, पाहुणे म्हणून. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पहिल्या खेपेला बायकोच्या आणि ताईंच्या लेकीच्या खांद्यावर हात टाकून चढताना त्यांनी बिल्डरपासून वकिलापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. वर येऊन धापा टाकत सोफ्यावर बसले.

"आजोबा, दांडा नीट धरा, मनगट वाकवू नका," लेकीनं दम भरला.

"आईपेक्षा कडक आहेस की गं," वस्ताद म्हणाले.

ताई चहा टाकायला आत गेल्या. खातं परत मिळालं, तरी बटणांवरचा त्यांचा विश्वास परत आला नव्हता. परवाच मोबाइलवर विजेचं बिल भरताना एका साध्या बटणावर त्यांचं बोट कितीतरी वेळ अडून राहिलं होतं. बाहेरून वस्तादांचा आवाज आला, "ए, सरक बाजूला, बदका!" ताईंनी दारातून डोकावून पाहिलं. या वेळी उजवा हात दांड्याला बांधलेला नव्हता.