दाराकडचा हात

अण्णाजींच्या वर्गात शून्य अंश म्हणजे दार. अकरावीच्या पोरांना ते उभं करायचे, उजवा हात दाराकडे करायला लावायचे आणि डावीकडे वळवायचे. हिंगणघाटातल्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवायचे. माझ्या वर्गाच्या खिडकीतून सगळं दिसायचं.

"कोन कितीबी मोठा येऊ दे, घाबरजो नको," ते म्हणायचे. "दार किंवा दारासमोरची भिंत, जे जवळ असंन त्याच्यापासून किती दूर हाय तेवढंच मोजजो. किंमत तेवढ्याच कोनाची. मंग आपण कोन्या चरणात हावो ते पाह्यजो, अन् चिन्ह देजो. कोसाइनले दाराच्या बाजूनं अधिक, दाराकडं पाठ झाली का उणे."

मला गणिताचा तिटकारा, पण हे मलाही पाठ झालं होतं.

एकोणऐंशी सालच्या हिवाळ्यात अण्णाजी विसरायला लागले. आधी छत्री, मग मुलांची नावं, आणि मग फळ्यावरची चिन्हं. किंमत नेमकी, चिन्ह गायब. पोरं गुपचूप आपापल्या वहीत दुरुस्त करायची. संस्थाचालकांच्या कानावर गेलं आणि तपासणी लागली. तपासणीत नापास झाले तर गणित काढून घेऊन त्यांना कपाटातली पुस्तकं मोजायला बसवणार होते.

"बाई, गणित गेलं तर मी घरीच बसीन," ते मला म्हणाले. बायको वारलेली, घरी बोलायला कुणी नाही.

तपासनीस आले त्या दिवशी शेजारच्या जिनिंग कारखान्यातली सरकी-कापसाची धूळ वर्गभर उडत होती. चहापाण्याचं काम बायांकडेच, म्हणून मुख्याध्यापकांनी मला मागच्या बाकावर बसवलं. शेजारी जिजा, वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी.

साहेबांनी विचारलं, "कोसाइन एकशेवीस?"

अण्णाजींनी पुढच्या बाकावरच्या नत्थूला उभं केलं. दाराकडे हात, तिथून वळण, दारासमोरच्या भिंतीपासून साठ अंश अलीकडे थांब. सगळं सुरेख. मग त्यांनी फळ्यावर लिहिलं: एक छेद दोन. आणि खडू खाली ठेवला.

"उणे," जिजा ओठांतल्या ओठांत पुटपुटली.

साहेब वर्गाकडे वळले. "उत्तर बरोबर आहे?"

अण्णाजी हसून पोरांकडे पाहत होते. मग जिजाच उभी राहिली.

"बरोबर हाय, सर."

तिच्या मागोमाग सगळा वर्ग म्हणाला, बरोबर. वेडी पोरं! त्यांना वाटलं, आपण गुरुजींना सावरलं.

बाहेर व्हरांड्यात साहेब मुख्याध्यापकांना म्हणाले, "घाईत चिन्ह राहिलं असतं, तर मी सोडून दिलं असतं. पण इथं सगळा वर्गच चुकीचं शिकलाय."

मला राहवेना. "साहेब, पोरांना येतं. गुरुजींसाठी खोटं बोलली ती."

"मग ज्या मास्तरची चूक लपवावी लागते, त्याच्याकडे वर्ग कसा ठेवू?"

माणूस वाईट नव्हता, याचाच मला जास्त राग आला.

आम्ही परत वर्गात गेलो तेव्हा अण्णाजी फळ्यासमोर उभे होते. त्यांना उणे सापडलं होतं. त्यांनी ते हळूच लिहिलं आणि वळले.

"तुमाले माहीत होतं. काऊन सांगतलं नाई?"

"तुमची बेइज्जती झाली असती, सर," जिजा म्हणाली. ती रडत होती.

"पोरी, तू सांगतलं असतं तर मी म्हणलो असतो, पाहा साहेब, माहे पोरं माह्याहून हुशार हायेत. तेवढंच तं दाखवाचं होतं मले."

साहेबांनी मान खाली घातली, पण निर्णय बदलला नाही.

"चला, पुन्हा करू," अण्णाजी म्हणाले. मुख्याध्यापक अडवायला पुढे झाले. मी त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं. अण्णाजी वर्गाच्या मधोमध आले. उजवा हात उचलला. तो हात हवेत तसाच राहिला. त्यांनी एका भिंतीकडे पाहिलं, मग दुसऱ्या.

"जिजा," ते म्हणाले, "दार कोनीकडं हाय वं?"

जिजा पुढे गेली, तिनं त्यांचा हात दोन्ही हातांनी धरला आणि दाराकडे वळवला.

"हे इकडं, सर."

"हो," ते म्हणाले. "इथूनच सुरू कराचं."

पण पुढे त्यांना काही आठवलं नाही. हात तसाच दाराकडे धरून ते उभे राहिले, आणि थोड्या वेळानं तिकडेच चालत बाहेर गेले.